इलेक्ट्रिक गाडी, खारं वारं आणि गंज: काय करायचं, कशाला हात लावायचा नाही

गाडी घेतली तेव्हा शोरूममधला पोरगा म्हणाला होता, काका हिला इंजिन नाही, ऑइल नाही, सायलेन्सर नाही, तुम्हाला मेंटेनन्सच नाही. पहिल्याच पावसाळ्यात लग्नाला पुण्याला गेलो, एसटीनं गेलो, गाडी आठ दिवस अंगणात उभी. परत येऊन काढली तर मागच्या चाकातून 'कट्ट' असा आवाज आला आणि मग शंभर-दोनशे मीटर नुसतं खर्र खर्र. बायको म्हणाली चाकात दगड अडकलाय. उतरून वाकून बघितलं तर डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची लोखंडी थाळी, अख्खी केशरी, आंब्याच्या पेटीवर रंग मारावा तशी.

घर रत्नागिरीजवळ, समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटर. आमच्याकडे खिडकीचे गज दोन वर्षं रंगवले नाहीत तर पोपडे हातात येतात, त्यामुळे गंज काही नवीन नाही. पण आधीच्या डिझेल गाडीला दहा वर्षांत ब्रेकला असला त्रास कधी झाला नव्हता आणि हिला पहिल्याच वर्षी. तेव्हापासून वाचून, विचारून, गॅरेजवाल्या मित्राच्या डोक्याशी बसून आणि थोडा स्वतःच्या खिशाला खड्डा पाडून जे कळलं ते लिहितोय. मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो, पण खालचं सगळं एकतर स्वतः केलंय नाहीतर मित्राला करताना बाजूला बसून बघितलंय.

इलेक्ट्रिक गाडीला गंज वेगळा का

लोखंड तेच, पाणी तेच. फरक वापरात आहे. पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप तापतो, त्या उष्णतेनं खालचा बराच भाग आपोआप सुकतो, आणि ब्रेक तर प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक उताराला घासला जातो म्हणून डिस्क गरम होते आणि घासून चकचकीत राहते. इलेक्ट्रिकमध्ये पाय उचलला की रीजेन चालू, म्हणजे मोटरच जनरेटर होऊन गाडीला आवरते आणि बॅटरीत चार्ज भरते. खिशाला फारच चांगलं, पण त्यामुळे पॅड, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्क दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या पट्ट्या, डिस्कला लागतच नाहीत. आंबा घाट उतरून खाली साखरप्याला आलो तरी डिस्क जेमतेम कोमट असते. न वापरलेलं लोखंड पावसात उघडं ठेवल्यासारखाच प्रकार. फोक्सवॅगननं आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे डिस्क न देता ड्रम दिले, तेव्हा लोक हसले की एवढ्या महाग गाडीला ड्रम, पण त्यामागे हेही एक कारण होतं, ड्रम बंद असतो म्हणून कमी वापरला तरी डिस्कएवढा गंजत नाही.

दुसरी गोष्ट मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. कोकणात बऱ्याच रात्री आर्द्रता याच्या वर असते, पाऊस असो नसो. म्हणजे समुद्रावरून आलेला मिठाचा पातळ थर पत्र्यावर बसला की तुमची गाडी पाऊस नसतानाही बऱ्याचदा रात्री ओली होते, सकाळी सुकते, परत ओली. आणि खारं पाणी विजेला चांगलं वाहू देतं म्हणून गंजाची रासायनिक क्रिया जोरात चालते. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण मग कळतं की पहिलं काम मीठ धुणं, दुसरं सुकवणं, तिसरं ब्रेक वापरणं, आणि रंग-कोटिंग-स्प्रे वगैरे सगळं चौथ्या नंबरवर. आपल्याकडे लोक चौथ्यापासून सुरुवात करतात. मीही केली होती, ते पुढे येईलच.

आधी बघायला शिका

एक लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरमधला असला तरी चालेल. जिथे चिकटतो तिथे लोखंड, तिथे लाल गंज येणार. जिथे चिकटत नाही ते बहुतेक ॲल्युमिनियम, त्याला लाल गंज येत नाही पण पांढरी भुकटी धरते, जुन्या जर्मनच्या पातेल्याला मीठ लागून येते ना तसली. पांढरी भुकटी सगळ्यात जास्त कुठे दिसेल तर लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसवलाय तिथे, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. अशा जागी तारेचा लोखंडी ब्रश मारायचा नाही, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि दुखणं वाढतं. नायलॉनचा ब्रश आणि गोडं पाणी, बस.

लोखंडावरचा गंज तीन पायऱ्यांत बघायचा. बोटाला पावडर लागते पण खाली पत्रा सपाट आहे, तो वरवरचा. पोपडे सुटतात आणि खाली खड्डे दिसतात, तो खोलवरचा, पण आटोक्यात येतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकलं आणि टणक आवाजाऐवजी मऊ आवाज आला किंवा आत गेला, तर पत्रा सडला. तिसऱ्यात आपण काही करायचं नाही. सस्पेन्शनचा आर्म, सबफ्रेम, स्प्रिंग यांच्यावर खड्डे दिसले तर दुसऱ्या पायरीलाच गॅरेजला दाखवा, तिथे रंग मारून झाकायचा प्रश्नच नाही, स्प्रिंग खड्ड्यापासूनच तुटते.

बघायच्या जागा: चाकांच्या आतली कमान, दाराच्या खालची कड, सिल म्हणजे दार उघडल्यावर पाय ठेवतो ती पट्टी आणि तिचा खालचा भाग, जॅक लावायच्या जागा (इथे जॅकनं रंगाला हमखास तडा जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो), मागचा ॲक्सल, टो हुक, डिकीच्या रबराखालची कड, आणि वायपरच्या खालचा खळगा जिथे पानं साठतात. आमच्या अंगणात बकुळ आहे, फुलांचं कौतुक सगळ्यांना, पण त्या खळग्यातला ओला लगदा दर पंधरा दिवसांनी मीच काढतो.

कशाला हात लावायचा नाही

हे मधेच घेतो कारण पुढे वाचायच्या आधी हे डोक्यात पाहिजे. केशरी केबल आणि केशरी कनेक्टर म्हणजे हाय व्होल्टेज, गाडीगाडीप्रमाणे तीनशे-चारशे व्होल्ट डीसी किंवा त्याच्याही वर. त्यावर गंज दिसो, हिरवं काही दिसो, तुटलेलं कव्हर दिसो, ब्रश नाही, स्प्रे नाही, फडकंसुद्धा नाही, फोटो काढायचा आणि सर्व्हिस सेंटरला जायचं. बॅटरी पॅक ज्या बोल्टांनी खालून लावलाय ते बोल्ट गंजलेले दिसले म्हणून "जरा काढून साफ करू" असं करायचं नाही, ते ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे मोजून दिलेल्या जोराला, घट्ट केलेले असतात. पॅक उघडायचा विचारही नको, बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात ती तिथेच गेली समजा, आणि जीवाचा धोका वेगळाच.

पॅकवर एक छोटी झडप असते, आतला दाब बाहेर सोडायला. ती गोल बटणासारखी दिसते. तिच्यावर रंग, मेण, रबर कोटिंग काहीच जाता कामा नये. तसंच पॅकपासून किंवा मोटरपासून बॉडीला जोडलेली विणलेल्या तारेची पट्टी दिसली तर ती अर्थिंगची असते, ती सुरक्षिततेसाठी दिलेली आहे, तिच्या टोकाखाली रंग मारला की जोडणी कच्ची होते. ती गंजलीय असं वाटलं तर तेही सर्व्हिसवाल्याचं काम.

पॅकच्या आसपास ग्राइंडर आणि वेल्डिंग पूर्ण बंद. ठिणग्या, लोखंडाची भुकटी, उष्णता, तिन्ही नको. सडलेला पत्रा कापून वेल्डिंग करायचंच असेल तर हाय व्होल्टेज रीतसर बंद करणारा माणूस असलेल्या ठिकाणीच. आणि मोठं पेंटिंगचं काम असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याला आधी विचारा की बूथ किती तापवतोस, कारण रंग लवकर वाळायला ते गाडी भट्टीत ठेवतात आणि बॅटरीला किती वेळ किती तापमान चालतं याची मर्यादा कंपनीनं दिलेली असते. "सगळ्या गाड्या तशाच करतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघायचं.

जॅक फक्त नेमून दिलेल्या जागी, मधे रबराचा तुकडा घालून. पॅकच्या खाली जॅक लावायचा नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, खाली लोखंडी घोडी पाहिजेच. या गाड्या जड असतात, बॅटरीचंच वजन काहीशे किलो.

डिस्क आणि कॅलिपर

एका रात्रीत आलेला केशरी थर हा आजार नाही. डिस्क बिडाची असते आणि तिच्या घासायच्या भागाला रंग देताच येत नाही. चार-पाच वेळा नीट ब्रेक मारला की जातो. कसा मारायचा ते बघा. रस्ता मोकळा आणि मागे कोणी नाही हे बघून ५०-६० च्या वेगातून १५-२० पर्यंत जरा दाबून ब्रेक, मग परत वेग, असं सात-आठ वेळा, मधे थोडं चालू द्यायचं म्हणजे डिस्क गार होते. पण आधी रीजेन कमीत कमी किंवा शून्यावर आणा, नाहीतर पायाखालचं ब्रेकचं पॅडल दाबूनसुद्धा काम मोटरच करते. इथे एक गोम आहे, काही गाड्यांत रीजेन शून्यावर ठेवलं तरी ब्रेक दाबल्यावर पहिला वाटा मोटरच उचलते, पॅड नंतर लागतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे हे काम पूर्ण चार्ज झाल्यावर करायचं, बॅटरी १०० टक्के भरली की तिला अजून चार्ज घ्यायला जागा नसते, रीजेन आपोआप कमी होतं आणि खरे ब्रेक लागतात. मी महिन्यातून एक-दोनदा गाडी पूर्ण भरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाताना हा कार्यक्रम उरकतो. पावसाळ्यात आठवड्याला.

डिस्कच्या बाहेरच्या कडेचा गंज तसाच राहतो, तिथे पॅड लागतच नाही, त्याची काळजी नको. काळजी कधी करायची तर चकचकीत पट्टा बारीक होत चाललाय आणि कडेचा गंज आत सरकतोय असं दिसलं तर, किंवा डिस्कच्या घासायच्या भागावर काळे डाग आणि रेघा राहिल्या, पंधरा वेळा ब्रेक मारूनही गेल्या नाहीत तर. मग पॅड काढून बघायला हवेत, डिस्क टर्निंग करावी लागेल किंवा बदलावी लागेल, डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली की बदलायचीच.

डिस्कवर डब्ल्यूडी-४० मारू नका. हे लिहावं लागतंय कारण माझ्याच चुलत भावानं मारलं होतं. ते १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. जाम बोल्ट सोडवायला उत्तम, पण ब्रेकवर तेल म्हणजे ब्रेक गेलाच. भावाची गाडी कुंपणाला टेकली, नशीब की कुंपण करवंदीचं होतं.

डिस्कपेक्षा मोठा त्रास कॅलिपरच्या पिनांचा. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, तो दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, ब्रेक कमी वापरले की तो हलतच नाही, पिनेवरच्या रबराच्या टोपीतून (बूट) ओल शिरते आणि पिन आत धरतात. मग एका बाजूचा पॅड संपतो, दुसरा नवाच, किंवा पॅड डिस्कला कायम टेकलेला राहतो आणि रेंज कमी होते. ओळखायची पद्धत इलेक्ट्रिकमध्ये फार सोपी आहे, वीस किलोमीटर रीजेनवर चालवून या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. चारही गार पाहिजेत. एकच गरम असेल तर तो कॅलिपर अडकलाय.

साफ करायचं तर चाक काढा, कॅलिपरचा बोल्ट सोडा, पिन ओढून काढा, ब्रेक क्लीनर आणि बारीक तारेचा ब्रश किंवा स्कॉच ब्राइटनं घासा, खड्डे पडले असतील तर पिन नवीन घाला, स्वस्त असतात. मग सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावायचं. गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं किंवा काळं ग्रीस नाही, ते खनिज तेलाचं असतं, बूटचं रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा जास्त जाम. मागच्या चाकाला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मात्र स्वतः करू नका, आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घालावं लागतं, शिकंजा लावून पिस्टन दाबला तर आतली मोटर मरते. आमच्या गॅरेजवाल्या मित्राचं म्हणणं पावसाळा संपला की दर वर्षी एकदा पिनांचं काम करायचंच, किलोमीटर कितीही असोत. आणि हे तो उगाच धंद्यासाठी सांगत नाही, टेस्लाच्या मॅन्युअलमध्येही हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागासाठी दर वर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून ग्रीस करा असं लिहिलंय. कॅनडात ब्रॅम्प्टनला माझा मावसभाऊ राहतो, त्यांना मीठ नगरपालिका रस्त्यावर टाकते, आम्हाला वारा घरपोच देतो.

छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. त्यांचं बरं चालतं, फक्त वर्षातून एकदा उघडून भुकटी साफ करून घ्या.

पत्र्यावरचा वरवरचा गंज काढायचा तर

वेळ निवडा. दसऱ्यानंतर ते एप्रिलपर्यंत, त्यातही थंडीतली कोरडी दुपार. पावसाळ्यात प्रायमर मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. मधे दोन पूर्ण दिवस गाडी लागणार नाही हे घरात आधी सांगून ठेवा.

समजा चाकाच्या कमानीवर तळहाताएवढा डाग आहे. आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग भरपूर गोड्या पाण्यानं धुवा, कारण मिठावरून घासलं तर मीठ खड्ड्यात दाबलं जातं. पूर्ण सुकू द्या, उन्हात तासभर. थिनरच्या फडक्यानं चिकटपणा पुसा. आजूबाजूला मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र, ब्रेक, रबर, वायर, सेन्सर सगळं झाका. मग हातानं तारेचा ब्रश, पोपडे पडेपर्यंत. त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. चांगल्या रंगाच्या कडेवरसुद्धा इंचभर घासत जा म्हणजे पायरी राहत नाही, पायरी राहिली की त्याच कडेखालून ओल परत शिरते. चष्मा, मास्क, हातमोजे घाला, जुन्या गंजाची धूळ डोळ्यात गेली की दोन दिवस काही सुचत नाही.

चकचकीत लोखंड दिसलं की उत्तम, पण खड्ड्यातला गंज कितीही घासला तरी निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचंच रूप बदलणारं रसायन, लावायचं. ते दोन प्रकारचं मिळतं, फॉस्फोरिक ॲसिडचं आणि टॅनिक ॲसिडचं, काहींत दोन्ही असतं. टॅनिकवालं लावलं की लाल गंज काळा पडतो. यात नवीन काही नाही, कच्चं केळं विळीवर चिरलं की पातं काळं पडतं तेच हे, आणि पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे त्यातही लोखंड आणि टॅनिनचीच गाठ. ब्रशनं पातळ दोन हात द्यायचे, मधे डबीवर लिहिलेला वेळ सोडायचा, आणि शेवटचा हात झाल्यावर साधारण एक दिवस थांबायचं. जाड थापलं तर खालचं वाळत नाही आणि वरचा रंग फुगतो. कन्व्हर्टर गंजावरच काम करतं, चकचकीत लोखंडावर त्याचा फायदा नाही.

मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. गजांना मारतो तो रेड ऑक्साइड घरात शिल्लक असतो म्हणून हात तिकडे जातो, पण चाकाखाली खडी उडते तिथे तो टिकत नाही. प्रायमर हा शेवटचा थर कधीच नाही, त्यावर रंग किंवा चॅसिसचा काळा पेंट पाहिजेच. लांबी भरायची असेल तर प्रायमरनंतर, गंजावर लांबी म्हणजे जखमेवर पट्टी बांधून आत पू.

आमसूल, लिंबू, व्हिनेगर याबद्दल. आमसुलानं तांब्याचा हंडा लखलखतो हे खरं, आणि सुटा काढलेला एखादा गंजका ब्रॅकेट व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतला तर छान निघतो, मी केलंय. पण गाडीवर लागलेल्या पत्र्यावर हे नको, ॲसिड सांध्यात शिरतं आणि तिथून धुता येत नाही. आणि सस्पेन्शनचे, ब्रेकचे, डोक्यावर १०.९ किंवा १२.९ आकडा असलेले बोल्ट ॲसिडमध्ये अजिबात बुडवायचे नाहीत, कडक पोलाद ॲसिडमधला हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि भार आला की तुटतं. ते बोल्ट गंजले तर नवीनच आणायचे.

कोटिंगची गोष्ट

दुसऱ्या वर्षी मी एका डिटेलिंगवाल्याकडून खालून काळं रबर कोटिंग करून घेतलं. दोन तासात काम, गाडी खालून अशी काळीभोर की मी शेजाऱ्यांना वाकून बघायला लावलं. वर्षानं एका ठिकाणी फुगा दिसला, नखानं ओढला तर साल निघाल्यासारखं पान सुटलं आणि आत काय, आमची लाल माती, ओली, आणि तिच्याखाली गंज. धुऊन सुकवायच्या आधीच मारलं होतं. वर सिलची पाण्याची भोकंसुद्धा बुजवली होती. ते सगळं खरवडायला मला आणि मित्राला तीन रविवार लागले.

त्यामुळे माझं मत असं, की रबराचं किंवा डांबरी कोटिंग करायचंच असेल तर गाडी नवीकोरी असताना, पूर्ण सुकवून, आणि कुठे मारणार नाही याची यादी त्याच्या हातात देऊन, स्वतः समोर उभं राहून. जुन्या गाडीला मेणाचं किंवा लॅनोलिनचं बरं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, ते मऊ राहतं, फटीत सरकतं, ओरखडा पडला तर आजूबाजूचं त्यात येतं, खाली काय चाललंय ते दिसतं. दर वर्षी परत मारावं लागतं एवढाच त्रास. सिलच्या पोकळीत, दाराच्या तळात, पत्र्याच्या जोडावर मारायचं. मारायचं नाही ते: डिस्क, पॅड, कॅलिपर, बॅटरी पॅक आणि त्याची झडप, केशरी केबल, मोटर, रेडिएटर, सगळे कनेक्टर, अर्थिंगच्या पट्ट्या आणि पाण्याची भोकं.

पूर्वी सर्व्हिस स्टेशनला जीप-ट्रकच्या खालून जळकं ऑइल मारायचे, अजून काही ठिकाणी "मारू का साहेब" विचारतात. नको म्हणा. सस्पेन्शनची रबरं फुगतात, ब्रेकवर उडतं, आणि केबलच्या आवरणावर जळकं तेल कोणाला हवंय.

अजून एक, गाडीला जस्ताचा तुकडा किंवा एखादी इलेक्ट्रॉनिक डबी लावली की गंज थांबतो असं विकणारे भेटतात. मिरकरवाड्याच्या लाँचला पाण्याखाली जस्ताचे ठोकळे लावतात ते खरंच काम करतात, पण लाँच पाण्यात बुडालेली असते, सगळं एकाच खाऱ्या पाण्यात. रस्त्यावरच्या गाडीभोवती पाणी नाही, हवा आहे. आणि इलेक्ट्रिक गाडीच्या वायरिंगला बाहेरची डबी जोडली तर वॉरंटीवाल्याला आयतं कारण.

धुणं आणि सुकवणं

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी. समुद्राजवळ राहत असाल तर खालून आठवड्याला एकदा. किनाऱ्यावर जाऊन आलात, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट केलीत, तर त्याच दिवशी, बोटीत चढता-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातातच. पाणी गोडं हवं, किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्या पाण्यानं धुणं म्हणजे मीठच लावणं.

माझी युक्ती बागेतल्या गोल फिरणाऱ्या स्प्रिंकलरची. नळी जोडून गाडीखाली सरकवायचा, पंधरा मिनिटं चालू, मग जरा पुढे सरकवायचा, दाब कमी असतो म्हणून काही बिघडत नाही आणि आपण चहा प्यायला मोकळे. प्रेशर वॉशर वापरलात तर हात-दीड हात लांबून, आणि कनेक्टर, केबलची तोंडं, चार्जिंगचं झाकण यांच्यावर थेट झोत नाही. लोक म्हणतात बॅटरी आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे. असेल, पण ६७ म्हणजे एक मीटर शांत पाण्यात अर्धा तास, झोताच्या दाबाची परीक्षा वेगळी असते आणि तिचा आकडाही वेगळा.

धुऊन झालं की गाडी तशीच लावून झोपायचं नाही, दहा मिनिटं फिरवून आणा, चार-पाच वेळा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क सुकते. ओल्या डिस्कवर पॅड आवळून आठवडाभर उभी ठेवली की पॅड तिथे चिकटतात, माझा तो 'कट्ट' आवाज त्याचाच होता. दारांच्या तळाची आणि सिलची भोकं माडाच्या हिरानं मोकळी करा, तार वापरली तर रंग खरवडला जातो. प्लास्टिकचं घट्ट कव्हर पावसाळ्यात नको, आत वाफ धरते, वर नुसती शेड असेल तर जास्त चांगलं. मातीवर किंवा गवतावर लावण्यापेक्षा जांभ्याच्या फरशीवर किंवा कोब्यावर. वर्षाच्या सर्व्हिसला खालची प्लास्टिकची ढालपट्टी काढून वरची माती धुवायला सांगा, स्वतःहून कोणी काढत नाही.

पुढची १२ व्होल्टची छोटी बॅटरी इलेक्ट्रिकमध्येही असते. लेड ॲसिडची असेल तर टर्मिनलला पांढरं-हिरवं धरतं, खाण्याच्या सोड्याचं पाणी, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, वर थोडं व्हॅसलीन. काढायची असेल तर आधी मॅन्युअल बघा. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये मात्र काहीही फवारायचं नाही, झाकण बंद ठेवा, पिनेवर काळं-हिरवं दिसलं तर सर्व्हिस.

गाडी समुद्रात गेली तर

दर सुट्टीत कोणीतरी पुळणीवर गाडी घालतो आणि भरतीत अडकतो, बातम्या आपण बघतोच. साध्या गाडीचं इंजिन जातं, इलेक्ट्रिकचं प्रकरण त्याहून वाईट, खारं पाणी पॅकमध्ये शिरलं तर आत शॉर्ट होऊन काही दिवसांनीसुद्धा आग लागू शकते. फ्लोरिडात २०२२ च्या इयन वादळानंतर पुरात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी असाच नंतर पेट घेतला होता. त्यामुळे पॅकपर्यंत खारं पाणी आलं असेल तर गाडी सुकली, दिवे लागले, सगळं ठीक दिसतंय म्हणून चालू करू नका आणि चार्जिंगला तर लावूच नका. घराला लागून, शेडमध्ये, दुसऱ्या गाडीशेजारी उभी करू नका, मोकळ्यावर ठेवा. कंपनीच्या रोडसाइड नंबरला फोन करून खारं पाणी होतं हे स्पष्ट सांगा, आणि टोवाल्याला आधीच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवतात तो सपाट ट्रक) आण, चाकं रस्त्यावर फिरवत ओढायची नाही.